प्रशिक्षणाआधीची आवराआवर: डबे, फायली, स्कॅनर, लॅमिनेटर यांतलं काय घ्यावं आणि काय थांबवावं

शिक्षक-प्रशिक्षण सुरू होण्याआधीचा उन्हाळा भरगच्च असतो. मित्रमैत्रिणींच्या भेटी असतात, वर्षभर बाजूला पडलेले छंद असतात, आणि त्याच आठवड्यांत खोलीतली अडगळ काढून पाठटाचणं, निरीक्षणवह्या, तक्ते आणि शैक्षणिक साहित्यासाठी जागाही करायची असते. आवराआवरीची साधनं याच दिवसांत घाईघाईने घेतली जातात. मग चुकीच्या मापाचा डबा किंवा चुकीच्या जातीचं लेबल-यंत्र पुढे वर्षभर जागा अडवून बसतं. म्हणून इथे डबे, फायली, स्कॅनर, लेबल-यंत्र, जाळीच्या झिप पिशव्या, हवा काढायच्या पिशव्या आणि लॅमिनेटर यांचं परीक्षण केलं आहे. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण या वस्तूंत फरक पडतो तो प्लास्टिकच्या जातीने, मापाने आणि यंत्राच्या रचनेने.

कसोटी एकच ठेवली आहे. सरावपाठाला निघताना छात्राध्यापकाला हवी ती वस्तू, वरचं काही न उपसता, हाताला लागते का? दिसायला नीटनेटकं पण काढायला कटकटीचं साधन या कसोटीवर नापास होतं.

खरेदी सगळ्यात शेवटी करावी. आधी सगळं जमिनीवर काढून चार ढीग करावेत: प्रशिक्षणात लागणारं, छंदाचं, जपायची कागदपत्रं आणि दुसऱ्याला द्यायचं. ‘नंतर बघू’ असा पाचवा ढीग केला की तोच सर्वांत मोठा होतो. तो करायचाच असेल तर त्याला एकच डबा द्यावा आणि त्याचा निकाल कधी लावायचा ती तारीख डब्यावर लिहावी. मग ढीग मोजावेत. कागदांसाठी फूटपट्टी पुरते: ८० जीएसएमचे (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे) ५०० कागद म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर उंची, आणि ए-फोर मापात अडीच किलो वजन. हे दोन आकडे हाताशी असले की किती फायली लागतील, डबा किती जड होईल आणि स्कॅनिंगला किती वेळ जाईल, याचा अंदाज आधीच येतो.

झाकणाचे पारदर्शक डबे घेताना पहिली नजर तळाच्या त्रिकोणातल्या आकड्याकडे जावी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. पॉलिस्टायरीनचा डबा काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि मांडणीवर तोच मन ओढून घेतो, पण तो ठिसूळ असतो. कोपऱ्यावर आपटला की तडकतो, आणि झाकणाची कडी काही महिन्यांत तुटते. पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधट दिसतं, पण वाकवलं तर वाकतं. एकाच प्लास्टिकची पातळ बिजागरी ठेवून बनवलेली झाकणं याच प्लास्टिकची असतात, कारण हजारो वेळा दुमडूनही ते तुटत नाही. त्याचा शत्रू ऊन. खिडकीखाली वर्षानुवर्षं ठेवलेला डबा फिकट पडतो आणि ठिसूळ होतो, तेव्हा जागा निवडताना एवढं बघावं.

माप हा इथला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. डबे एकात एक बसावेत म्हणून त्यांच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात. खोक्यावर छापलेलं माप बहुधा वरच्या कडेचं असतं. आतला तळ त्याहून बराच लहान निघतो. बॉक्स फाइल उभी ठेवायची असेल तर ती साधारण ३२ सेंटिमीटर उंच आणि २८ ते २९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा चांगलीच मोठी. ‘ए-फोर डबा’ म्हणून घेतलेल्या डब्यात ती बसत नाही. टेप घेऊन तळाची आतली लांबी-रुंदी आणि झाकणाखालची मोकळी उंची, अशी तीन मापं घ्यावीत.

आकाराबाबत आमचं मत ठाम आहे: कागद आणि पुस्तकांसाठी १५ ते १८ लिटरच्या वर जाऊ नये. ३५ लिटरचा डबा कागदाने ठासून भरला तर त्याचं वजन २८ किलोच्या आसपास जातं. तळ फुगतो, झाकण बसत नाही आणि तो डबा पुन्हा कधीच खाली उतरवला जात नाही. १५ लिटरच्या डब्याचं वजन १२ किलोपर्यंत राहतं, ते एका माणसाला पेलतं. ३५ आणि ५० लिटरचे डबे लोकर, कापड, फोम, पुठ्ठ्याचे तक्ते अशा हलक्या सामानासाठी उत्तम. रचताना वरच्या डब्याचा भार खालच्याच्या कडेवर यायला हवा, झाकणाच्या मध्यावर नको. त्यासाठी एकाच मालिकेतले डबे घ्यावेत आणि तीनांहून जास्त थर लावू नयेत. कड्यांना धरून डबा उचलू नये. कडीचं काम झाकण दाबून धरण्याचं आहे. वजन तिच्यावर आलं की ती खटकन निघते आणि डबा पायावर येतो. शेवटची अट कोरडेपणाची: ओलसर कापड किंवा नुकताच रंगवलेला पुठ्ठा घट्ट झाकणाखाली गेला की बुरशी येते. रंगकाम केलेलं साहित्य निदान एक दिवस उघड्यावर वाळू द्यावं.

फायलींमध्ये खरी पसंती लिव्हरवाल्या दोन कड्यांच्या बॉक्स फाइलला. दोन भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर, भोक ६ मिलिमीटरचं आणि त्याचा मध्य कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर, हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे एका कंपनीच्या पंचने पाडलेली भोकं दुसऱ्या कंपनीच्या फायलीत बसतात. पंच घेताना त्याची सरकपट्टी ए-फोरच्या खुणेवर घट्ट अडकते का, हे आधी बघावं. सैल पट्टी हा स्वस्त पंचचा ठरलेला दोष: प्रत्येक गठ्ठ्याची भोकं एखाद-दोन मिलिमीटर वरखाली होतात आणि फाइल मिटल्यावर कागदांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. एकावेळी पंच जितके कागद घेतो असं लिहिलेलं असतं, त्याच्या दोन तृतीयांशच घालावेत. जास्त घातले की खालच्या कागदांना भोकाऐवजी चंद्रकोर पडते आणि तुकडा मधे अडकतो.

साडेसात-आठ सेंटिमीटर पाठीच्या फायलीत सुमारे ५०० कागद मावतात, पण ते सुटे. पारदर्शक पॉकेटं घातली की हिशेब बदलतो. पॉकेटच्या दोन्ही भिंती ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरल्या तर एका पॉकेटची जाडी ०.१ मिलिमीटर होते, म्हणजे एका कागदाएवढी. प्रत्येक कागद स्वतंत्र पॉकेटात घातला तर फाइल निम्म्यात भरते. म्हणून पॉकेटं मोजक्या वस्तूंनाच द्यावीत: मूळ प्रमाणपत्रं, मुलांनी काढलेली चित्रं, पुन्हा पुन्हा हाताळायचे नमुने. रोजची टाचणं पंच करून सरळ लावावीत. पॉकेटं पॉलिप्रॉपिलीनचीच घ्यावीत. मऊ पीव्हीसी हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक ओळखू येतं. नवं असताना त्याला उग्र वास असतो आणि ते हाताला किंचित चिकट लागतं. त्याला मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, लेझर प्रिंटच्या टोनरला, म्हणजे शाईच्या भुकटीला, मऊ करतं आणि अक्षरं प्लास्टिकवर उमटतात. वर्षभराने कागद ओढून काढला तर मजकूर पॉकेटलाच चिकटलेला राहतो. प्रमाणपत्रांच्या बाबतीत ही जोखीम घेण्यासारखी नाही.

आणखी एक गोष्ट जी फाइल भरून झाल्यावरच लक्षात येते: पॉकेट ए-फोरपेक्षा रुंद असतं. साध्या विभाजक पानांची बाहेर आलेली जिभली त्याच्या आड लपते आणि फाइल चाळल्याशिवाय विषय सापडत नाही. विभाजक ‘जास्त रुंदीचे’ म्हणून वेगळे मिळतात, तेच घ्यावेत. विषयवार विभाग करण्यापेक्षा एक फाइल सरावपाठांची, एक निरीक्षणांची आणि एक प्रमाणपत्र व अर्जांची, अशी कामानुसार विभागणी वर्षभर टिकते. विषय आतल्या विभाजकांवर यावेत.

आता स्कॅनर. उन्हाळ्यात सर्वांत जास्त जागा मोकळी करणारं यंत्र हेच, आणि विकत घेण्याची गरज सर्वांत कमी असलेलंही हेच. जुन्या नोट्सचा दोन-तीन हजार कागदांचा ढीग एकदाच स्कॅन करायचा असतो; नंतर रोज दोन-चार कागद असतात आणि त्यांना फोन पुरतो. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर आठवड्यासाठी कुणाकडून मिळाला तर तोच मार्ग धरावा. ग्रंथालयात किंवा झेरॉक्सच्या ठिकाणीही तो बऱ्याचदा असतो.

मजकुरासाठी ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, पुरतं. ए-फोर पान त्यात २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. लहान फोटोंना ६०० द्यावं. त्याहून वर गेल्याने अक्षरं अधिक स्पष्ट होत नाहीत, फाइल मात्र फुगते. फोनने काढताना हाच हिशेब लावून बघावा. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एका पानाने चौकट पूर्ण भरली तर जेमतेम ३४० डीपीआयच्या आसपास देतो. वही उघडून दोन पानं एका फोटोत घेतली की ते २४० वर येतं आणि पेन्सिलीचं बारीक अक्षर पुसट होतं. एका फोटोत एकच पान घ्यावं. फोन पानाला समांतर असावा, उजेड बाजूने खिडकीचा असावा, आणि डोक्यावरचा दिवा बंद करावा, नाहीतर हाताची सावली पानावर पडते.

कागद ओढणाऱ्या स्कॅनरच्या तीन तक्रारी कायम येतात आणि तिन्हींची कारणं साधी आहेत. पहिली, प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ. बिघाड बहुधा संगणकात किंवा सेन्सरमध्ये नसतो; काचेच्या अरुंद पट्टीवर धुळीचा कण किंवा चिकट चिठ्ठीचा गोंद बसलेला असतो. कागद त्या पट्टीवरून सरकतो, कण जागचा हलत नाही, म्हणून एका ठिपक्याची रेघ होते. तंतू न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पट्टी पुसली की रेघ जाते. दुसरी तक्रार, दोन पानं एकदम ओढली जाणं. स्टेपल काढलेल्या कोपऱ्यात कागद एकमेकांत गुंतलेले असतात. गठ्ठा पंख्यासारखा पसरवून, कडा ठोकून सारखा करून ठेवावा. तरीही होत असेल तर आतलं रबरी रोलर गुळगुळीत झालेलं असतं आणि ते ओल्या कापडाने पुसून किंवा बदलून काम होतं. तिसरी, तिरकी पानं. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकलेल्या हव्यात. दाबून बसवल्या तर कागद मधे फुगतो, सैल ठेवल्या तर वळतो. स्टेपलच्या पिना आधीच्या दिवशी काढून ठेवाव्यात. एक पिन आत गेली तरी काचेवर कायमचा ओरखडा पडतो.

फायलींची नावं वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करावीत, म्हणजे ‘२०२५-०६-१५-गणित-अपूर्णांक’ अशी. नावानुसार लावलं की ती तारखेनुसारही आपोआप लागतात. छापील देवनागरी मजकूर शोधता येईल असा करणारे प्रोग्राम आता चांगले आहेत. टेसरॅक्ट हा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम मराठीही वाचतो. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. तिथे फाइलचं नाव हाच शोधण्याचा आधार. मूळ कागद टाकण्याआधी दोन कामं करावीत: प्रत प्रत्यक्ष उघडून अधलीमधली पानं तपासावीत, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. गुणपत्रिका, जन्माचा दाखला, शिक्के-सह्यांची पत्रं स्कॅन झाली तरी टाकायची नाहीत.

लेबल-यंत्रांत दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. एक, कागदालाच उष्णता देऊन काळं करणारी. शाई लागत नाही, लेबलं स्वस्त पडतात. दुसरी, फितीवरची शाई उष्णतेने पट्टीवर उतरवणारी. तिच्या काही पट्ट्यांवर वरून पारदर्शक थरही असतो. पहिल्या जातीचं लेबल ऊन, उष्णता, हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर आणि मऊ पीव्हीसी यांपैकी कशानेही फिकट पडतं किंवा काळवंडतं. वर्गात हे चारही असतात. आठवड्यापुरतं लेबल हवं असेल तर ती चालेल. डब्यांसाठी आणि वर्गातल्या खणांसाठी दुसरीच घ्यावी. तिचा दोष असा की कापणारं पातं छपाईच्या डोक्यापासून थोडं पुढे असतं, त्यामुळे अनेक यंत्रांत प्रत्येक लेबलाआधी सुमारे अडीच सेंटिमीटर कोरी पट्टी वाया जाते. सगळी लेबलं एका माळेत छापून मग कात्रीने वेगळी केली की हा तोटा एकदाच होतो.

मराठी वापरायचं असेल तर बटणांच्या छोट्या यंत्रांपासून सावध राहावं. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत देवनागरी नसते. फोनला जोडून चालणारं यंत्र फोनवरचा कोणताही फॉन्ट छापतं. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वरखाली जागा लागते, म्हणून १२ मिलिमीटरच्या पट्टीवर देवनागरीची एकच ओळ घ्यावी. दोन ओळी हव्या असतील तर १८ किंवा २४ची पट्टी लागते.

आणि तरीही डब्यांसाठी आमची पहिली पसंती लेबल-यंत्राला नाही. पॉलिप्रॉपिलीनला गोंद नीट धरत नाही, हा त्या प्लास्टिकचा गुणधर्मच आहे. अल्कोहोलने पुसून, कोरडं करून, लेबल जोर देऊन दाबलं आणि एक दिवस हात लावला नाही तर ते बरं टिकतं. पण साधा पांढरा कार्डाचा तुकडा, जाड मार्करने लिहून डब्याच्या आत, अक्षरं बाहेर दिसतील असा उभा ठेवला तर सोलत नाही, पुसत नाही, आणि सामान बदललं की दोन मिनिटांत बदलता येतो. लेबल-यंत्र घेण्याचं खरं कारण वर्ग मिळाल्यावर येतं, उन्हाळ्यात नाही.

छंद आणि खेळांच्या ढिगाला सर्वांत उपयोगी पडल्या त्या जाळीच्या झिप पिशव्या. पत्त्यांचे खेळ, पटावरचे खेळ, जिगसॉ, विणकामाचं सुरू असलेलं काम, भरतकामाचे धागे या सगळ्यांना त्या चालतात. खेळांचे पुठ्ठ्याचे खोके आत निम्मे रिकामे असतात. पट वेगळा उभा ठेवून सोंगट्या आणि पत्ते ए-फोर किंवा ए-फाइव्ह पिशवीत घातले तर दहा-बारा खेळ एका डब्यात पुस्तकांसारखे उभे राहतात. नियमांचा कागद पुढच्या बाजूने, नाव दिसेल असा सरकवावा. पत्त्यांना रबर बँड लावू नये. ते उन्हाळ्यात वितळून कडांना चिकटतं. कागदाची पट्टी पुरते. पिशवीची कमजोर जागा म्हणजे झिपचं टोक. तिथून सरकता तुकडा निसटतो आणि मग परत चढत नाही. नवी पिशवी घेतली की दोन्ही टोकांना दोऱ्याचे चार घट्ट टाके घालावेत. त्यानंतर ती वर्षानुवर्षं चालते.

मित्रमंडळी जमणार असतील तर तोच दिवस खेळांच्या तपासणीचा करावा. प्रत्येक खेळ एकदा खेळून बघितला की कोणता अपुरा आहे, कोणाला कंटाळा येतो आणि कोणता वर्गात चालेल, हे तिथेच कळतं. परत भरताना सोंगट्या मोजून आकडा पिशवीवर लिहावा. वर्गात तास संपताना तोच आकडा मुलांकडून मोजून घेता येतो. आवराआवरीला मदतनीस दोनच असावेत. एकाने वस्तू हातात द्यावी, दुसऱ्याने ढिगात ठेवावी आणि निर्णय फक्त मालकाने घ्यावा. चौथा माणूस आला की गप्पा रंगतात आणि ढीग जागेवर राहतो. गप्पांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी, ती त्यासाठीच छान असते. द्यायच्या ढिगातलं जे ज्याने मागितलं ते त्याच दिवशी त्याच्या हातात जावं.

छंदाच्या सामानात काही वस्तू नीट न ठेवल्यास खराब होतात. लोकरीच्या गुंड्याची कागदी पट्टी टाकू नये. तिच्यावर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो आणि तो वेगळा असलेली लोकर तयार कामात वेगळी दिसते. दोन्ही टोकांचे मार्कर आडवे ठेवावेत, नाहीतर वरचं टोक कोरडं पडतं. पांढऱ्या फळ्याचे मार्करही आडवेच ठेवावेत. खेळणी, टॉर्च, गणकयंत्रं यांतल्या बॅटऱ्या काढून घ्याव्यात. अल्कलाइन बॅटरी गळली की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. बटणासारख्या सपाट लिथियम बॅटऱ्यांचं साहित्य मुलांपुढे न्यायचं असेल तर झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं, त्यामुळे इथे तडजोड नको.

हवा काढायच्या पिशव्यांबद्दल थोडक्यात. जागा कमी लागते, वजन तेवढंच राहतं, आणि बाकीच्या पिशव्यांखाली दबलेली पिशवी काढणं अवघड होतं. दुलया आणि जाड कपडे एका ऋतूपुरते ठेवायला ठीक. पिसांची दुलई, चामडं आणि लोकरीचे विणलेले कपडे महिनोन्महिने दाबून ठेवू नयेत. पिसं पुन्हा फुगत नाहीत, चामड्याला घड्या पडतात. पिशवी काही आठवड्यांत फुगली तर बहुतेकदा झिपमध्ये एखादा धागा अडकलेला असतो. सरकपट्टी दोनदा फिरवावी आणि भरण्याच्या रेषेच्या वर सामान जाऊ देऊ नये. प्रशिक्षणाच्या तयारीसाठी या पिशव्यांची गरज आम्हाला वाटत नाही.

लॅमिनेटर मात्र छात्राध्यापकाच्या खूप कामाचं यंत्र आहे, फक्त वेळ चुकते. उन्हाळ्यात उत्साहाने शंभर कार्डं लॅमिनेट होतात आणि सरावपाठाला मिळतो वेगळाच वर्ग. यंत्र घ्यावं, हात बसवावा, पण साहित्याचा मोठा घाणा इयत्ता आणि घटक कळल्यावरच काढावा. लॅमिनेट झालेल्या कागदात प्लास्टिक आणि गोंद एकजीव होतात, तो कागदाच्या पुनर्वापरात जात नाही. हेही एक कारण आहे हात आखडता घेण्याचं.

पाऊचची, म्हणजे कागद ज्यात घालून लॅमिनेट करतात त्या प्लास्टिकच्या पाकिटाची, जाडी मायक्रॉनमध्ये आणि बहुधा एका बाजूची लिहिलेली असते. भिंतीवरच्या तक्त्याला ८०, मुलांच्या हातात जाणाऱ्या कार्डाला १२५, आणि वर्षभर टिकायच्या पटाला २५०. यंत्र २५० घेणारं नसेल तर पाऊच आत अडकतं, म्हणून यंत्राची कमाल मर्यादा आधी वाचावी. ए-फोरचं पाऊच साधारण २१६ बाय ३०३ मिलिमीटर असतं, म्हणजे कागदाभोवती तीन मिलिमीटरची कड. ही कडच पाणी आणि हवा बाहेर ठेवते. म्हणून कार्डं आधी कापावीत, पाऊचमध्ये एकमेकांपासून सहा-सात मिलिमीटर दूर मांडावीत आणि लॅमिनेट झाल्यावर प्रत्येकाभोवती तीन मिलिमीटर कड ठेवून कापावीत. आधी लॅमिनेट करून मग कागदावरून कापलं की थर कडेपासून सुटायला लागतात. कोपरे गोल करणारी कटर असेल तर जरूर वापरावी, कारण १२५ मायक्रॉनचा टोकदार कोपरा मुलांच्या हाताला टोचतो.

आत घालताना पाऊचची बंद कड पुढे हवी. उघडी कड पुढे गेली तर वरचा आणि खालचा थर वेगवेगळ्या रोलरला चिकटतो आणि पाऊच आत गुंडाळलं जातं. अर्धं रिकामं पाऊच आणि फार लहान कापलेलं पाऊच हीदेखील अडकण्याची नेहमीची कारणं. म्हणून कागद सोडवायची कळ असलेलंच यंत्र घ्यावं; ती नसेल तर अडकलेलं पाऊच काढण्यासाठी यंत्र उघडावं लागतं. बाहेर आलेलं काम धुरकट दिसलं तर उष्णता कमी पडली आहे, तेच पाऊच पुन्हा एकदा फिरवावं. लाटा आल्या तर उष्णता जास्त आहे किंवा गरम असताना ओढलं गेलं आहे. पाऊच बाहेर येताच सपाट टेबलावर ठेवून वर जाड पुस्तक ठेवावं. बुडबुडे येण्याचं कारण बहुतेक वेळा ओलावा: इंकजेटचं प्रिंट अर्धा तास तरी वाळू द्यावं. मेणाच्या खडूची चित्रं गरम लॅमिनेटरमध्ये घालू नयेत, मेण वितळून पसरतं. उष्णतेने छापणारी पावती तर पूर्ण काळी होते.

चमकदार की मॅट, याचं उत्तर उपयोगावर अवलंबून आहे. पांढऱ्या फळ्याच्या मार्करने लिहून पुसायचं असेल तर चमकदार. मॅटवर मार्करचा डाग राहतो. दुरून बघायच्या तक्त्याला मॅट, कारण चमकदारवर दिव्याचा झोत पडून मागच्या बाकावरच्यांना अर्धा तक्ता दिसत नाही.

काम संपल्यावर यंत्र लगेच बंद करू नये. गरम असतानाच एक जाडसर कोरा कागद दोन-तीनदा फिरवावा, म्हणजे रोलरवर आलेला गोंद कागदाला लागून निघतो. तो तसाच थंड झाला तर पुढच्या वेळी पहिलंच पाऊच त्याला चिकटून आत ओढलं जातं.